सोमवार-गुरुवारचं मीठ

डॉ. इंदुमती कांदळगावकर यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही, दंडाकडे पाहिलं. आमच्या उपनगरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्राचा व्याख्याता म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. शरीरक्रियाशास्त्र विभागातल्या एका बाईंना संशोधनासाठी आकडेमोड करणारा माणूस हवा आहे असं कळलं, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आणि बगलेत प्रमाणपत्रांची फाईल मारून मी त्यांच्या खोलीत शिरलो.

"बाही वर करा," बाई म्हणाल्या.

मी पेशंट नाही, हे मी सांगू लागलो.

"ते दिसतंय. पण या खोलीत जो येतो त्याचा रक्तदाब घेतला जातो. मग तो दुसऱ्याचा घ्यायला शिकतो. मग आपण बोलतो."

त्या दिवशी माझा रक्तदाब चढाच निघाला असणार. बाईंनी तो वहीत लिहून घेतला, मला सांगितला मात्र नाही. तीन दिवसांनी मी शिपायापासून डीनसाहेबांच्या टायपिस्टपर्यंत दिसेल त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळत हिंडत होतो. कागदावरच्या आकड्यापलीकडे माणूस असतो, ही गोष्ट संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात मला कोणी शिकवली नव्हती.

बाईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला 'बाईंचं संशोधनकार्य' हा विषय दिला आहे. त्यांच्या निबंधांची यादी ग्रंथाच्या शेवटी येणारच आहे, तीच इथे वाक्यांत घालून पुन्हा वाढण्यात अर्थ नाही. मी एकाच संशोधनाबद्दल लिहिणार आहे, आणि तेही ज्यात आम्ही सपशेल तोंडघशी पडलो त्याबद्दल. गौरवग्रंथात चुकीबद्दल लिहू नये असा संकेत आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या चुकीबाबत आपल्या महाविद्यालयात आजवर जे बोललं जातं ते खरं नाही, आणि खरं काय ते सांगू शकणारी माणसं दोनच आहेत. त्यांपैकी एक बाई. त्या सांगणार नाहीत.

आज 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या इमारतीत तो कोणी उच्चारत नव्हतं. तेव्हा शरीरक्रियावाले तिसऱ्या मजल्यावर, जीवरसायनवाले दुसऱ्यावर आणि आम्ही आकडेवाले तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत बसत होतो. एका मजल्यावरचा माणूस दुसऱ्या मजल्यावर गेला तर "कोण आजारी आहे?" असं विचारलं जाई. बाईंनी हे मजले मोडून काढले, आणि त्यासाठी एकही परिपत्रक काढलं नाही. त्यांच्या कामाची रीत साधी होती. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने दुसऱ्याचं काम करायचं. मी रक्तदाब घ्यायचा, प्रयोगशाळेतल्या डॉ. ग्रेसी परेरांनी घरोघर फिरून प्रश्न विचारायचे, आणि बाईंनी माझ्याकडे बसून हाताने सरासरी काढायची. ती त्या बोटं मोजून काढायच्या आणि मी खोलीत आहे हे विसरून स्वतःशीच मालवणीत पुटपुटायच्या. मात्र एक नियम कडक होता. ज्याचा जो विषय त्यात शेवटचा शब्द त्याचा. मजल्यांची भांडणं त्यामुळेच मिटली, असं मला वाटतं.

बाई घाटकोपरच्या. वडील मालवणकडून आलेले, गिरणीत साच्यावर कामाला. चाळीतल्या एका खोलीत पाच भावंडं, त्यात ही मधली मुलगी डॉक्टर झाली. पुढे ती दवाखाना थाटून बसेल अशी घरच्यांची कल्पना होती. ती संशोधनाकडे वळली तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं म्हणे, "ह्येच्यात पेशंट बरो होता मां?" बाईंचं उत्तर होतं, "होता, पण उशिरान." म्हणजे बरा होतो, पण उशिराने. आमच्या नव्या विद्यार्थ्यांना संशोधन म्हणजे काय हे समजावताना मी याहून चांगली व्याख्या अजून वापरलेली नाही.

आता त्या कामाकडे वळतो. मढच्या बाजूला मासेमारी करणाऱ्यांची दोन गावं होती, एक हिंदू कोळ्यांचं आणि एक ख्रिस्ती कोळ्यांचं. धंदा एक, होड्या एक, बाजार एक. दोन्हीकडे रक्तदाबाचे रुग्ण भरपूर होते. सुक्या, खारवलेल्या मासळीतलं मीठ याच्या मुळाशी असावं, असा बाईंचा कयास होता. माणसाच्या पोटात किती मीठ जातं हे त्याला विचारून कळत नाही. त्यासाठी चोवीस तासांची सगळी लघवी साठवावी लागते आणि प्रयोगशाळेत तिच्यातलं मीठ मोजावं लागतं. ते मोजणारं यंत्र परेरा मॅडमच्या ताब्यात होतं. नमुना जाळला की मिठाच्या प्रमाणात ज्योत पिवळी होते, आणि किती पिवळी झाली ते काट्यावर दिसतं.

म्हणजे आम्ही प्लॅस्टिकचे पाच-पाच लिटरचे डबे घेऊन वर्सोव्याच्या धक्क्यावरून तरीने मढला जायचो, घरोघर डबे वाटायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेले डबे घेऊन परत यायचो. येताना वर्सोव्याहून बस. एकदा कंडक्टरने वाट अडवली.

"मॅडम, बसमध्ये रॉकेल अलाऊड नाही हां. खाली उतरा."

"रॉकेल नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "लघवी आहे."

कंडक्टरने डब्याकडे पाहिलं, मग बाईंच्या कडक इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं. "काय मस्करी करता काय सकाळी सकाळी?"

"झाकण उघडून दाखवू?"

पुढच्या स्टॉपपर्यंत आमच्या आजूबाजूची सगळी बाकं रिकामी झाली होती. बाईंनी डबे बाकांवर नीट मांडले आणि मला म्हणाल्या, "दामले, बस ना आरामात. कधी मिळते का अंधेरीपर्यंत अशी जागा?" तोवर माझं 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

डबे कोणत्या दिवशी द्यायचे, हा प्रश्न पहिल्या फेरीतच निघाला. आमच्यासारखे लोक स्वतःच्या सवडीने जातात आणि गरिबाने आपल्यासाठी थांबावं अशी अपेक्षा धरतात. बाईंना ते मान्य नव्हतं. त्यांनी गावातल्या बायकांनाच विचारलं, तुम्हाला कधी वेळ असतो? बायकांनी एकमुखाने सांगितलं, सोमवारी नाही तर गुरुवारी. त्या दोन दिवशी बाजारात मासळीला गिऱ्हाईक कमी असतं, पाट्या घेऊन जाणं परवडत नाही, म्हणून त्या घरी असतात. ख्रिस्ती गावातल्या बायकाही त्याच बाजारात बसत असल्यामुळे त्यांचंही उत्तर तेच आलं. ठरलं. वर्षभर आम्ही सोमवारी आणि गुरुवारीच डबे वाटले. नमुन्याच्या आराखड्यावर संख्याशास्त्रज्ञ म्हणून माझी सही होती.

वाचणाऱ्यांपैकी चारदोन चतुर लोकांच्या आत्ताच लक्षात आलं असेल. आमच्या तेव्हा आलं नाही.

निकाल हाती आले तेव्हा मी आणि परेरा मॅडम अक्षरशः नाचलो. हिंदू गावातल्या लोकांच्या लघवीत मीठ पुष्कळ कमी निघालं, ख्रिस्ती गावातल्यांच्या भरपूर. रक्तदाब मात्र दोन्हीकडे सारखाच! याचा अर्थ काय? एका वस्तीला थोडं मीठही बाधतं आणि दुसरीला पुष्कळ खाऊनही तेवढंच बाधतं, म्हणजे दोघांच्या घडणीतच, कदाचित रक्तातच, काही फरक असला पाहिजे. याच कामावर मी बाईंच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करत होतो, त्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण मी झपाट्याने लिहून काढलं. जुहूच्या एका हॉटेलात वैद्यकीय अधिवेशन भरणार होतं, तिथे बाईंनी निबंध वाचायचं नक्की झालं. डीनसाहेब खूश होते. सगळ्या विद्याशाखांचं मिळून एक संशोधन केंद्र महाविद्यालयात निघणार होतं. त्याच्या संचालकपदासाठी बाईंचंच नाव पुढे होतं, आणि हा निबंध गाजला की त्यावर शिक्कामोर्तब होणार, असं सगळे धरून चालले होते. माझं तर घोडं गंगेत न्हाणार होतं. दिलेल्या मुदतीत प्रबंध गेला नाही तर माझी नेमणूक कायम व्हायची नव्हती, तसं पत्रच माझ्या हातात होतं.

बाईंची आणखी एक रीत होती, जी मला तेव्हा निव्वळ वेळकाढूपणा वाटे. कोणताही कागद छापायला देण्याआधी, ज्यांच्याकडून नमुने घेतले त्यांना तो त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. अधिवेशनाला आठवडा उरला होता. निबंध सोमवारी छापायला द्यायचा होता, म्हणून आम्ही प्रथमच एका रविवारी मढला गेलो.

हिराबाय नावाची एक वयस्क कोळीण त्या गावात आमची पाठराखीण होती. तिच्या शब्दाखातर बायका डबे भरून देत. तिच्याच अंगणात पंधरावीस बायका जमल्या. आत चुलीवर सुकट भाजत होती आणि माझ्यासारख्या शुद्ध शाकाहारी माणसाचा जीव नाकाशी आला होता. बाईंनी सोप्या मराठीत सांगायला सुरुवात केली. तुमच्या गावात मीठ कमी खाल्लं जातं, असं आम्हाला आढळलं आहे.

आधी एक बाई हसली, मग सगळ्याच हसायला लागल्या. हिराबाय पदराने डोळे पुसत म्हणाली, "डाक्टरीनबाय, तुमी आमचे घरान येताव सोमवारी नाय तं बेस्तरवारी. त्या दिशी आमचे चुलीवर म्हावरा चरतच नाय. सुका नाय न् ओला नाय. मंग तुमाला मीठ कसा गावल?"

"आणि पलीकडच्या गावात?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"त्यांचे घरान सोमवार नसतंय न! ती तवाबी सुकट खातान. आज आयतवार हाय, आज दे तुजा डबा. बघ मीठच मीठ!"

बायका पुन्हा हसल्या. मी मात्र मनात वार मोजू लागलो. बाजारात सोमवारी-गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक का नसतं? कारण अर्धी मुंबई त्या दिवशी वार पाळते. गिऱ्हाईक नाही म्हणून बायका मोकळ्या असतात, आणि ज्या कारणाने गिऱ्हाईक नसतं त्याच कारणाने हिराबायच्या गावातल्या बहुतेक घरांतही त्या दिवशी मासळी शिजत नाही. वर्षभर आम्ही नेमकी बिनमासळीची लघवी गोळा करत होतो. हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. सगळ्यांनाच माहीत होतं, आणि म्हणूनच ते कोणी बोललं नाही. माझ्या घरी तर रोजच वार, त्यामुळे मला वार कुठून दिसणार? परेरा मॅडमकडे येताना डब्यावर फक्त नंबर असत. आणि बाई?

परतीच्या तरीत बाईंनी वही उघडून नमुन्यांच्या तारखांवरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाल्या, "मी स्वतः सोमवार करतंय. लहानपणापासून. सोमवारी माझ्या डब्यात उसळ असते, तू पाहिली आहेस. माका कळूक होया होतां, दामले."

मी घाईघाईने तोडगा काढला. आकडे खोटे नाहीत, त्यांचा अर्थ तेवढा मर्यादित आहे. निबंधाच्या शेवटी 'अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद घालू, बारीक टाइपात. सगळेच घालतात. प्रबंधातही तसंच करता येईल. मी भराभर बोलत होतो, कारण मला ते नेमणुकीचं पत्र डोळ्यांसमोर दिसत होतं.

बाईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "फरक माणसांच्या रक्तात आहे असं आपण छापणार होतो. फरक ताटात आहे. तोही आठवड्यातून दोन दिवस. उद्या कुठला तरी डॉक्टर हे वाचून ख्रिस्ती पेशंटला सांगेल, तुम्हाला मीठ चालतं, खा. तो मेला तर तुझा बारीक टाइपातला परिच्छेद त्याच्या बायकोला वाचून दाखवणार आहेस?"

 मग मी रागावलो. पुढचे चार दिवस कामावर गेलो नाही. ताप असल्याची चिठ्ठी पाठवली आणि मुलुंडला घरी छताकडे बघत पडून राहिलो. खरं सांगायचं तर मला बाईंचा राग आला होता. त्यांना काय, त्यांची नोकरी कायमची होती.

पाचव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात बाई होत्या, तीन मजले चढून आल्यामुळे धापा टाकत. आईने त्यांना खुर्ची दिली, चहा केला आणि माझी तक्रार सुरू केली. नीट जेवत नाही, बोलत नाही, काय झालंय ते सांगत नाही.

"जेवेल आता," बाई म्हणाल्या. "त्याला जेवावंच लागेल. पुढचे काही महिने आठवड्याचे सातही दिवस मासळीच्या वासात काढायचे आहेत."

त्यांनी पिशवीतून हाताने आखलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. सात वारांचे सात रकाने होते आणि प्रत्येक रकान्यात दोन्ही गावांची घरं वाटून घातलेली होती. शेजारी एक टाइप केलेलं पत्र होतं. प्रबंधाला मुदतवाढ मिळावी, कारण मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून काम नव्याने करावं लागत आहे, असा मजकूर आणि खाली बाईंची सही. ताप कसा आहे, हे त्यांनी विचारलं नाही. जाताना आईला एवढंच म्हणाल्या, "मुलगा हुशार आहे हो तुमचा. जरा घाई करतो."

अधिवेशनाचा दिवस उजाडला. जुहूचं ते हॉटेल, गार सभागृह, कोट घातलेली मंडळी. मी मागे अंधारात स्लाइड दाखवायच्या यंत्रापाशी उभा होतो. बाई व्यासपीठावर गेल्या आणि म्हणाल्या, "जो निबंध वाचायला मी आले होते तो मी मागे घेते आहे. त्याऐवजी तो का चुकला ते सांगते." आणि त्यांनी सांगितलं. हिराबायचं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. सभागृहात कोणी हसलं, कोणी भुवया उंचावल्या.

अध्यक्षस्थानी बाहेरगावचे एक बुजुर्ग प्राध्यापक होते. त्यांनी चष्मा काढला. "नमुन्याचा आराखडा कोणी केला होता?"

"मी," बाई म्हणाल्या.

"आठवड्याचे सगळे वार घ्यावेत, इतकी साधी गोष्ट तुमच्या गटात कोणालाच सुचली नाही?"

"नाही सुचली."

वर मी फक्त माझ्या सहीपुरतं लिहिलं, खरं काय होतं ते सगळं मुद्दाम लिहिलं नाही. लिहायला हात धजला नाही म्हणा. आता लिहितो. आराखडा बाईंनी केला नव्हता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी केला होता. आणि सगळे वार घ्यावेत ही गोष्ट सुचली होती. ती बाईंनाच सुचली होती. माझ्या आराखड्याच्या समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सातही वार घ्यायचे का?' त्याखाली मी शाईने उत्तर दिलं होतं, 'आवश्यकता नाही. शरीराला वार कळत नाहीत.' हे उत्तर मला फार चमकदार वाटलं होतं. ज्याचा विषय त्याचा शेवटचा शब्द, या स्वतःच्या नियमाला धरून बाईंनी ते मान्य केलं. तो कागद आजही माझ्या कपाटात आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावा.

त्या दिवशी मला फक्त चार पावलं पुढे यायचं होतं आणि 'सर, चूक माझी आहे' एवढं म्हणायचं होतं. मी यंत्राच्या बटणावर बोट ठेवून उभा राहिलो. बाईंनी माझं नाव घेतलं असतं तर माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली असती. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. सभागृहाबाहेर मी त्यांना गाठलं. "बाई, मी..." एवढंच तोंडातून निघालं.

"स्लाइडी मोजून घे," बाई म्हणाल्या. "आणि पाचवी उलटी लागली होती. पुढच्या वेळी आधी तपासत जा."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धवट. केंद्र निघालं, संचालकपद बाईंना मिळालं नाही. 'इतकी प्राथमिक चूक करणाऱ्या व्यक्तीकडे' जबाबदारी देता येणार नाही, असा शेरा निवड समितीने मारला. ज्यांनी तो मारला त्यांचा दोष नाही. त्यांच्यासमोर बाईंनीच तशी कबुली दिली होती. त्या शेऱ्यातली व्यक्ती बाई नव्हेत, मी आहे. ही ओळ ज्या समितीच्या सभासदांनी वाचायला हवी त्यांपैकी बहुतेकांकडे हा ग्रंथ जाणार आहे, हे जाणूनच मी लिहितो आहे.

बाई नव्या संचालकांच्या हाताखाली त्याच केंद्रात काम करू लागल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोलीत. त्या कधी कुरकुरल्या नाहीत असं लिहिण्याची पद्धत आहे. मी तसं लिहिणार नाही. त्या कुरकुरायच्या. केंद्रातला पंखा चालत नाही, यंत्राचा गॅस वेळेवर येत नाही, नवे विद्यार्थी अक्षर गिचमिड काढतात, यावर तावातावाने बोलायच्या. संचालकपदाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आम्ही मढला पुन्हा गेलो. या वेळी सोमवार ते रविवार. बाईंनी बायकांची परवानगी वाकून मागितली. "आधीचं सगळं फुकट गेलं. आमची चूक झाली. पुन्हा द्याल का?" डॉक्टरने असं म्हटलेलं त्या बायकांनी कधी ऐकलं नसावं. हिराबायने कमरेवर हात ठेवले. "देव की! मुताला काय मोल परतंय?" आणि सातही वार डबे आले. वारांची वाटणी सारखी होताच दोन गावांतला तो गाजणारा फरक विरघळून गेला. मीठ दोन्हीकडे सारखंच होतं, आणि दोन्हीकडे जास्तच होतं. निबंध साध्या नियतकालिकात छापून आला. कोणी नाचलं नाही. पण बाईंनी दोन्ही गावांत रक्तदाबाची तपासणी सुरू केली आणि सुकी मासळी दोनदा भिजवून पाणी टाकून द्यायचं, हे बायकांनाच विचारून ठरवलं आणि घरोघर चुलीपाशी बसून करून दाखवलं. मिठाचं औषधही मिठाच्याच माणसांना विचारून काढायचं, हा त्यांचा खाक्या.

आज आमच्या कोणत्याही पाहणीच्या अर्जावर वयाच्या खाली एक प्रश्न छापलेला असतो, 'आज वार कोणता, आणि तुम्ही तो पाळता का?' बाहेरून आलेले परीक्षक तो वाचून हसतात. विद्यार्थी त्याला 'बाईंचा रकाना' म्हणतात. माझा प्रबंध दुसऱ्या खेपेच्या आकड्यांवर मंजूर झाला, नेमणूक कायम झाली, आणि सध्या मी पोरांना नमुना कसा निवडावा हेच शिकवतो. माझी ही कहाणी त्यांना मी आजवर दुसऱ्या कोणाची तरी म्हणून सांगत आलो. आता ते जमणार नाही. वर्गात थोडी फजिती होईल. होऊ दे.

हे सगळं छापायचं तर बाईंना विचारणं भाग होतं. पेन्सिलीच्या टिपणाचा कागद घेऊन गेल्या आठवड्यात मी घाटकोपरला त्यांच्या घरी गेलो. बाई कोणा विद्यार्थ्याचा कच्चा मसुदा तपासत बसल्या होत्या. मी लेख त्यांच्या हातात दिला. त्यांनी सबंध वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं.

"मी तेव्हा बोलायला हवं होतं," मी म्हणालो.  "बाई, तुमचं पद माझ्यामुळे गेलं."

"अरे, छट! बोलला असतास तर तुला काढलं असतं आणि मला नवा आकडेवाला शोधावा लागला असता. त्याला रक्तदाब घ्यायला शिकवा, डबे उचलायला शिकवा, तोवर वर्ष गेलं असतं. मी माझी सोय बघितली, दामले. आणि संचालक व्हायचं होतं कोणाला? नुसत्या मीटिंगा!"

बोलता बोलता त्यांनी चष्मा काढला आणि काचा पुसायला घेतल्या. त्या स्वच्छच होत्या.

या बाईंनी चुकीचा एक आकडा खपवून घेतल्याचं मला आठवत नाही. सातव्या दशांशापर्यंत त्या खरेपणा मागत. तरी त्यांच्या तोंडून मी दोनदा खोटं ऐकलं आहे. एकदा जुहूच्या सभागृहात आणि एकदा गेल्या आठवड्यात घाटकोपरला. दोन्ही वेळा ते माझ्यासाठी होतं.

बाईंनी निरोगी राहावं, खूप जगावं, आम्हाला रागवायला त्यांच्या अंगात शंभरी उलटेपर्यंत जोर राहावा, ही माझी मनापासूनची प्रार्थना आहे. आणि माझ्यापायी त्यांच्यावर तिसऱ्यांदा खोटं बोलायची वेळ येऊ नये.